कानाची कसोटी

काही माणसांना बंद डबी पाहवत नाही. भिंतीवरचे घड्याळ टिकटिक करीत असले, तर सामान्य माणूस त्यावर वेळ पाहतो आणि आपल्या कामाला लागतो. पण या माणसांच्या मनात पहिला विचार येतो तो, ही टिकटिक येते कोठून? मग एखाद्या सुटीच्या दिवशी, घरात कोणी नाही असे पाहून, घड्याळ खाली उतरते. त्याचे पोट उघडले जाते. संध्याकाळी वडीलधारी माणसे परत येतात तेव्हा घड्याळ पुन्हा भिंतीवर असते. मात्र टेबलावरच्या ताटलीत दोन स्क्रू उरलेले असतात. ही खोड चांगली की वाईट, याचा निवाडा घड्याळ पुन्हा चालू झाले की नाही यावरच होत असतो. परंतु कारागिरीचे पुष्कळसे धडे अशा उघडलेल्या घड्याळांनीच दिलेले आहेत, हेही खरे.

गिरगावातील एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, आईवडील आणि धाकटी बहीण यांच्याबरोबर राहणारा एक तरुण याच जातीचा होता. तो एका छापखान्यात नोकरीला होता. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात काम करून घरी आला, की त्याला गाणे लागे. गाणे ऐकता ऐकता त्याच्या हाती एक लहानसे यंत्र आले आणि त्या यंत्राने त्याला पुढे जे शिकविले, ते कोणत्याही शाळेत शिकविण्याजोगे होते.

ते यंत्र म्हणजे आयपॉड. आज घरोघरी गाणी मोबाइलवर वाजतात. त्यामुळे केवळ गाणी साठविण्यासाठी आणि ऐकण्यासाठी वेगळे यंत्र असे, याचे मुलांना नवल वाटेल. अमेरिकेतील ॲपल या कंपनीने 23 ऑक्टोबर 2001 रोजी कॅलिफोर्नियात ते प्रथम लोकांपुढे ठेवले. पत्त्यांच्या जोडाएवढी ती डबी. तिच्यात एक चिमुकली चुंबकीय तबकडी गरगर फिरे. तिची क्षमता 5 गिगाबाइट होती, आणि तेवढ्यात सुमारे 1,000 गाणी मावत. 2005 साली या यंत्राची पाचवी आवृत्ती निघाली. तिच्यात 30 किंवा 60 गिगाबाइटांची तबकडी असे. पुढे मोबाइलने एकेक करून सगळीच कामे आपल्या अंगावर घेतली. मे 2022 मध्ये कंपनीने या घराण्यातील शेवटचे यंत्रही बंद करीत असल्याचे जाहीर केले.

कंपनीने यंत्र बंद केले, म्हणून ते जगातून नाहीसे होत नाही. लक्षावधी आयपॉड लोकांच्या कपाटांत आणि जुन्या बाजारांत पडून राहिले. अमेरिकेत आणि इतरत्र काही हौशी लोकांना तर ते उघडून पाहण्याचा नाद फार आधीपासून लागला होता. कोणी फिरती तबकडी काढून तेथे नखाएवढे मेमरी कार्ड बसवी. त्यामुळे यंत्र हलके होई, हिसका बसला तरी बिघडत नसे, आणि तबकडी फिरविण्यात जाणारी वीजही वाचे. कोणी मोकळ्या झालेल्या जागेत मोठी बॅटरी घाली. आणि काहींचे सारे लक्ष एकाच गोष्टीवर होते : याच यंत्रातून गाणे याहून चांगले ऐकू येईल काय?

हा प्रश्न समजून घ्यायचा, तर यंत्रात गाणे कोणत्या रूपाने राहते हे पाहिले पाहिजे. ध्वनी म्हणजे हवेचे कंपन. या कंपनाची उंची एका सेकंदात 44,100 वेळा मोजायची आणि दर वेळी 65,536 पायऱ्यांपैकी ती कोणत्या पायरीवर आहे याचा अंक मांडून ठेवायचा, अशी रीत 1982 साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने रूढ केली. म्हणजे यंत्राच्या पोटात गाणे नसतेच. असते ती केवळ अंकांची लांबलचक रांग. गाणे ऐकायचे असेल तेव्हा एक चिप हे अंक वाचते आणि त्यांच्या चढउताराप्रमाणे विजेचा दाब कमीअधिक करते. पाचव्या आवृत्तीतील ही चिप स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील वुल्फसन या कंपनीची होती. जाणकार लोक तिची वाखाणणी करीत. कानात घालायच्या हेडफोनमध्ये एक पातळ पडदा असतो. विजेच्या चढउताराबरोबर तो पुढेमागे हलतो आणि हवेत पुन्हा कंपने उमटतात. अंकांचे असे गाणे होते.

पण चिप आणि कान यांच्यामध्ये एक पहारेकरी उभा असतो. त्याचे नाव कपॅसिटर. पुस्तकी भाषेत धारित्र. चिपमधून निघणाऱ्या विजेत गाण्याच्या चढउताराबरोबरच एक स्थिर दाबही मिसळलेला असतो. तो हेडफोनपर्यंत पोचला, तर पडदा सतत एका बाजूला रेटला जाईल आणि बिघडेल. म्हणून वाटेत कपॅसिटर बसवितात. पाण्याच्या नळात मध्येच रबराचा पडदा ताणून बसविला, तर पाणी पलीकडे वाहून जाऊ शकत नाही; परंतु अलीकडच्या पाण्याला हिसके दिले, तर ते पलीकडे पोचतात. कपॅसिटरचे काम नेमके असेच आहे. स्थिर दाब तो अडवितो आणि कंपने पुढे जाऊ देतो.

मात्र रबराचा पडदा लहान आणि ताठ असेल, तर भराभर दिलेले बारीक हिसके पलीकडे जातात, पण संथ आणि लांब हेलकावे अलीकडेच अडून बसतात. लहान कपॅसिटरचेही तेच होते. बासरीचे उंच सूर सुखरूप पार होतात. पखवाजाच्या डाव्या अंगाची घुमणारी थाप मात्र वाटेत दुबळी होते. याचे गणितही सोपे आहे. 16 ओहम रोधाचा हेडफोन आणि 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर सेकंदाला सुमारे 100 कंपनांच्या स्वराची शक्ती निम्म्यावर येते आणि त्याखालचे स्वर आणखी क्षीण होतात. तोच कपॅसिटर 470 मायक्रोफॅरडचा केला, तर ही सीमा सुमारे 21 कंपनांवर उतरते. आणि माणसाच्या कानाला ऐकू येणारे सर्वांत खालचे स्वरही साधारण 20 कंपनांच्या आसपासचेच असतात. मग कारखानदार मोठा कपॅसिटर का बसवीत नाहीत? कारण खिशात मावणाऱ्या डबीत जागेची चणचण असते. तेथे तबकडीलाही जागा हवी, बॅटरीलाही हवी. म्हणजे यंत्र घडविणारे काही अडाणी नव्हते. त्यांनी जागेशी तडजोड केली होती. तबकडी काढून मेमरी कार्ड बसविणाऱ्या हौशी माणसाला मात्र ही जागा आयतीच मिळते.

गिरगावातल्या त्या तरुणाने हे सारे वाचले, कागदावर गणित करून पाहिले, आणि पगार झाल्याबरोबर तो लॅमिंग्टन रोडवर गेला. या रस्त्याचे सरकारी नाव डॉ. भडकमकर मार्ग असे आहे. पण विजेच्या वस्तूंचे सुटे भाग घ्यायला येणारा माणूस जुनेच नाव घेतो. तेथे एका गाळ्यात, जुन्या यंत्रांच्या ढिगात, त्याला 60 गिगाबाइटांचा पाचव्या आवृत्तीचा एक आयपॉड मिळाला. पाठीवर ओरखडे होते. पण यंत्र वाजत होते. शेजारच्या दुकानातून त्याने 470 मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर घेतले. एक डाव्या कानासाठी आणि एक उजव्या. दोन्ही मिळून एका चहाच्या किमतीत आले.

रात्री जेवणे आटोपल्यावर तो टेबलाशी बसला. पातळ पट्टीने त्याने यंत्राची पाठ हळूहळू उचकटली. पाठीला आणि आतल्या पाटीला जोडणारी कागदासारखी एक नाजूक फीत असते. घाईने पाठ ओढली, तर ती फाटते. ती त्याने जपून सोडविली. बॅटरीला टोक लागू नये, याची काळजी घेतली. कारण अशा बॅटरीला भोक पडले, तर ती पेट घेते. आतमध्ये तांदळाच्या दाण्याएवढे ते दोन जुने पहारेकरी दिसले. त्याने तापलेले सोल्डरिंग आयर्न टेकविले. कथील लवकर वितळेना, म्हणून जरा अधिक वेळ धरले, आणि डाव्या बाजूचा कपॅसिटर वर आला, तो खालची तांब्याची पट्टी घेऊनच! हौसेला अनुभवाची जोड नसली, म्हणजे जे होते ते झाले. यंत्र उजव्या कानात गात होते. डावा कान मुका झाला होता.

त्या रात्री त्याला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो यंत्र रुमालात गुंडाळून पुन्हा लॅमिंग्टन रोडवर गेला. तेथे एका जिन्याखाली बसून रेडिओ आणि ध्वनिवर्धक दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी डोळ्याला भिंग लावून पाटी न्याहाळली.

"किती वेळ धरला होतास, बाळ?" त्यांनी विचारले.

"दहा-बारा सेकंद तरी, काका."

"तांबे नुसते डिंकावर चिकटलेले असते. तुझ्या बोटाला जेवढा चटका सोसेल, तेवढाच त्यालाही सोसतो, असे समज. टेकवायचे आणि उचलायचे."

असे म्हणून त्यांनी पाटीवरचा हिरवा लेप सुईने किंचित खरवडला. खालची तांब्याची रेघ चमकू लागली. मग केसाएवढी बारीक तार घेऊन त्यांनी तिचे एक टोक त्या रेघेवर टेकविले आणि ती तरुणाच्या हाती दिली. "आता तू लाव. मी लावून दिले, तर तुला पुन्हा माझ्याकडेच यावे लागेल." तरुणाचा हात थरथरत होता, पण कथलाचा थेंब बसला आणि तार धरली. मुका झालेला कान पुन्हा बोलू लागला. म्हाताऱ्यांनी पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन त्याने दोन्ही नवे कपॅसिटर बसविले, तबकडीच्या जागी कार्ड लावले आणि पाठ बंद केली. मग त्याने एक अभंग लावला. तो अभंग त्याने शंभर वेळा ऐकला असेल. पण पखवाजाची घुमारेदार थाप आज प्रथमच त्याच्या छातीपर्यंत पोचल्यासारखी वाटली. त्याने बहिणीच्या कानाला हेडफोन लावला. ती डोळे मोठे करून म्हणाली, "दादा, हा तबलजी आधी कोठे गेला होता?"

"तबला नव्हे, पखवाज!" तो हसून म्हणाला. ते दोघेही त्या रात्री फार आनंदात होते.

येथवरची गोष्ट कोणत्याही हौशी माणसाची आहे. खरा पेच पुढेच पडला. हौसेला पायऱ्या असतात, आणि एक पायरी चढली की दुसरी खुणावू लागते. अशा यंत्रांच्या शौकिनांत काही कपॅसिटरांची मोठी ख्याती असते. माप तेच, काम तेच. पण त्यांतून सूर अधिक 'मोकळे' येतात, 'पडदा दूर झाल्यासारखे' वाटते, असे त्यांचे चाहते सांगतात. किंमत अर्थातच अनेक पटींनी अधिक. तरुणाने आणखी एक जुना आयपॉड मिळविला आणि परदेशातून असे दोन महागडे कपॅसिटर मागवून त्यात बसविले. आता त्याच्याजवळ एकाच आवृत्तीची दोन यंत्रे झाली. एकात साधे कपॅसिटर होते, दुसऱ्यात मौल्यवान.

त्याने दुसरे यंत्र कानाला लावले आणि त्याला खरोखरच पडदा दूर झाल्यासारखे वाटले. तंबोऱ्याच्या तारा सुट्या सुट्या ऐकू आल्या. गायिकेने घेतलेला श्वासही ऐकू आला. छापखान्यातल्या मित्रांना त्याने हे इतक्या रंगून सांगितले, की तिघांनी आपापली जुनी यंत्रे आणून दिली आणि पैसेही आगाऊ दिले. त्या पैशांतून आणि स्वतःच्या शिलकेतून त्याने आणखी सहा महागडे कपॅसिटर मागविले. ते येऊन टेबलावर पडले होते.

एका रविवारी दुपारी बहीण त्याच्या टेबलाशी उभी होती. तिने सहज विचारले, "दादा, डोळे बांधले तर तुला ओळखता येईल, कोणते यंत्र साधे आणि कोणते भारी ते?"

"न ओळखायला काय झाले?" तो म्हणाला.

तो प्रामाणिक होता. म्हणून परीक्षाही त्याने नीटच मांडली. दोन यंत्रांपैकी एकाचा आवाज किंचित जरी मोठा असला, तर माणसाला तेच यंत्र गोड वाटते, हे त्याला ठाऊक होते. म्हणून दोन्हींवर एकच सूर लावून त्याने मीटरने विजेचा दाब मोजला आणि तो सारखा करून घेतला. मग डोळ्यांवर उपरणे बांधले. दर वेळी बहिणीने रुपया उडवायचा. छापा पडला, तर साधे यंत्र लावायचे, आणि काटा पडला, तर भारी. त्याने उत्तर सांगायचे आणि तिने वहीत लिहायचे. असे 20 वेळा करायचे ठरले. न ऐकता नुसते अंदाजाने उत्तर दिले, तरी 20 पैकी 10 च्या आसपास उत्तरे बरोबर येतातच. पण 15 किंवा त्याहून अधिक बरोबर येणे, हे निव्वळ अंदाजाने शंभरात सुमारे दोनच वेळा घडते. म्हणून 15 ही उत्तीर्ण होण्याची खूण ठरली.

परीक्षा संपली. बहिणीने वही मोजली आणि ती आनंदाने ओरडली, "सतरा! दादा, 20 पैकी 17!"

तरुणाने उपरणे सोडले. त्याच्या चेहऱ्यावर हसू होते. पण ते फार वेळ टिकले नाही. तो दोन्ही यंत्रांकडे पाहत राहिला. मग त्याने साध्या यंत्रात हेडफोनचे टोक खुपसले आणि काढले. काहीच आवाज झाला नाही. त्याने ते भारी यंत्रात खुपसले. 'कट्ट' असा बारीक आवाज झाला. त्या यंत्राचे भोक जरा घट्ट होते.

डोळे बांधून बसलेला असताना हा 'कट्ट' आपल्या कानावर पडत होता, हे त्याच्या आता ध्यानात आले. आपण गाणे ओळखले, की तो आवाज ओळखला? त्याचे त्यालाच सांगता येईना. खोलीत दोघांवाचून कोणी नव्हते. बहिणीला तर या आवाजाचा पत्ताही नव्हता. वहीत 17 हा आकडा लिहिलेला होता. टेबलावर सहा कपॅसिटर होते आणि मित्रांचे पैसे केव्हाच खर्च झाले होते. तो गप्प बसला असता, तर सगळेच सुरळीत झाले असते.

"थांब," तो बहिणीला म्हणाला. "ही परीक्षा खोटी झाली. पुन्हा घेऊ या."

"खोटी कशी? मी एकदाही सांगितले नाही, दादा!"

"तू नाही सांगितलेस. त्या भोकाने सांगितले."

या वेळी दोन्ही यंत्रे स्वयंपाकघरात ठेवली गेली. बहिणीने तेथेच टोक खुपसावे, दाराच्या फटीतून लांब तार बाहेर यावी, आणि तिने टकटक केल्यावरच त्याने हेडफोन कानाला लावावा, असे ठरले. चाळीतल्या गलबल्यात तो 'कट्ट' आता ऐकू येणे शक्य नव्हते. पुन्हा 20 वेळा रुपया उडाला. पहिल्या काही वेळा तो झटपट उत्तरे देत होता. पुढे पुढे त्याला वेळ लागू लागला. तंबोरा होता, श्वास होता, सारे काही होते; पण ते दोन्हींत होते. वही मोजली, तेव्हा बरोबर उत्तरे 11 आली.

काही वेळ कोणी बोलले नाही. मग त्याने एका मित्राने दिलेले, अद्याप न उघडलेले यंत्र घेतले आणि तशीच तिसरी परीक्षा मांडली. या वेळी एका बाजूला कारखान्यातून आले तसे यंत्र होते आणि दुसऱ्या बाजूला चहाच्या किमतीचे कपॅसिटर बसविलेले. पखवाजाची पहिली थाप पडताच तो उत्तर देई. 20 पैकी 20 बरोबर आली. मग बहिणीने स्वतः कानाला हेडफोन लावला. तिचीही 19 आली.

म्हणजे त्याचा कान खोटा नव्हता. जेथे फरक होता, तेथे त्याने तो बिनचूक ओळखला होता. गणितही तेच सांगत होते. फरक होता तो कपॅसिटरच्या मापात. त्याच्या किमतीत नव्हता. महागड्या कपॅसिटरने दूर केलेला तो पडदा यंत्रावर नव्हताच. पैसे मोजून वाट पाहणाऱ्या त्याच्या मनाने तो आधी स्वतःच टांगला होता आणि नंतर स्वतःच बाजूला केला होता. यात त्याने कोणाला फसविले नव्हते. पण आता ते कळल्यावर तो गप्प राहिला असता, तर मात्र ती फसवणूक झाली असती.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात त्याने तिघा मित्रांना सगळी हकीकत सांगितली. सतरांची सांगितली आणि अकरांचीही सांगितली. "तुमची यंत्रे मी साध्या कपॅसिटरांनी करून देतो. आवाज तितकाच चांगला होईल. पैसे पुढच्या दोन पगारांत परत करीन," तो म्हणाला. एकाने ते लगेच मान्य केले. दुसरा म्हणाला, "पण मला तर तुझ्या यंत्रात फरक स्पष्ट ऐकू आला होता!" त्यावर वाद न घालता तरुणाने त्याला रविवारी घरी बोलाविले, डोळे बांधले आणि रुपया बहिणीच्या हाती दिला. त्या मित्राची बरोबर उत्तरे 9 आली. तो खळखळून हसला आणि म्हणाला, "आता मला साधेच बसवून दे." तिसरा मित्र मात्र परीक्षेला आला नाही. त्याला महागडेच कपॅसिटर हवे होते. तरुणाने त्याला एकदा पुन्हा सांगितले आणि मग त्याच्या इच्छेप्रमाणे करून दिले. ज्याला जाणून घ्यायचेच नाही, त्याला बळजबरीने काही दाखविता येत नाही.

उरलेले चार महागडे कपॅसिटर एका काचेच्या बाटलीत गेले. दोन पगार ओढाताणीत गेले. पण त्याची हौस गेली नाही. तो पुढेही यंत्रे उघडीत राहिला, जुन्या यंत्रांना नव्या बॅटरी बसवीत राहिला, आणि जी यंत्रे कचऱ्यात जायची, ती लोकांच्या खिशांत पुन्हा गाऊ लागली. फरक एवढाच झाला, की कोणतीही नवी सुधारणा केली, तरी तिच्याबद्दल चार शब्द बोलण्यापूर्वी तो स्वयंपाकघराचे दार लोटून घेई आणि बहिणीला हाक मारी. तिच्या वहीला आता पुठ्ठा घातलेला आहे. तिच्या पहिल्या पानावर 17 हा आकडा आहे; तो खोडलेला नाही. त्याच्यापुढे तिने आपल्या बारीक अक्षरांत लिहिले आहे, 'दादाने ही परीक्षा रद्द केली.' आणि त्याखालच्या ओळीत 11.